गुंडीला खत कोण घालतंय?

प्रिय धाकटे,

या घरातल्या मुलींनो! सभा दोघींचीच आहे, एक बोलणार आणि एक, फाडून टाकलं नाहीस तर, वाचणार. पण जिभेला लागलेली सुरुवात सुटत नाही. तर या घरातल्या मुलींनो, आपल्याला इथे कधीच कुणी काही सांगितलं नाही. बाबांना दवाखान्यात ठेवलंय हे चौथ्या दिवशी समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कळलं. आईनं शिलाईचं दुकान बंद केलं ते मी कामावरून येताना पाटी उतरलेली दिसली तेव्हा कळलं. तुला लांबचं दिसत नाही, चष्मा लागणार, हे तू सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तू महिनाभर फळ्याकडे डोळे बारीक करून बघत होतीस. मी तक्रार केली की बाबा पेपरामागून एवढंच म्हणायचे, "झालं ना काम? मग गप्प बसा." चांगलं करावं आणि त्याचा बोभाटा करू नये, हा त्यांचा एकमेव कायदा. बाबा गेले तेव्हा तो कायदाही गेला असं मी धरून चालले होते. तो गेलेला नाही. तो या घरात ठाण मांडून बसलाय, आणि गेले तीन महिने त्यानं काय केलंय ते मला परवा संध्याकाळी कळलं. क्रमानं सांगते. मधली पानं टाकून शेवटचं वाचू नकोस, तुझी जुनी सवय आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस ते बरोबरच आहे. शनिवारी दुपारी मी जे बोलले ते युनियनच्या गेटवरच्या सभेत व्यवस्थापनाला बोलायचं होतं, सख्ख्या बहिणीला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं मी प्रत्येक परिपत्रक उलटं धरून वाचलं. वरून गोड लिहिलंय म्हणजे खाली कुणाची तरी बदली आहे, असं समजायचं, आणि दहांतल्या आठ वेळा ते खरं निघायचं. अशा बाईला निवृत्त करून आजारी आईच्या घरात ठेवलं की ती काय करणार? ती दूधवाल्याच्या नमस्कारातसुद्धा कारस्थान शोधणार. तुला मी म्हटलं, "ती सिस्टर तुझ्याच इमारतीतली, तूच आणलेली, आणि ती आल्यापासूनच आई अशी गुंगीत. आईला ठेवायच्या त्या देखभाल केंद्राचा फॉर्मही तूच आणलास. सरळ सरळ हिशेब आहे." तू पर्स उचललीस, चपला हातातच घेतल्यास आणि जिना उतरलीस. अनवाणी. तुझ्या पायांचा आवाज आला नाही म्हणून मला आणखीनच संशय आला, हे आज लिहिताना लाज वाटते.

आता गुंडीबद्दल. तू म्हणशील, आईचं चाललंय काय आणि ताई कुंडीचं काय घेऊन बसली. पण सगळं त्या कुंडीतूनच बाहेर आलंय. दुकानाच्या खिडकीतला तो नेचा आठवतो ना, शिलाई मशीनच्या डाव्या हाताला? नेचे म्हटले की लोकांना ओलसर, नाजूक, सारखं पाणी मागणारं काहीतरी वाटतं. हा तसला नव्हेच. काड्यांवर दोन्ही बाजूंना शर्टाच्या बटणांसारखी गोल, जाड, काळपट हिरवी पानं. आई म्हणायची, "माझी गुंडी. हिला तुम्ही विसरलात तरी चालेल, ही तुम्हाला विसरत नाही." हंगामाच्या घाईत तिला दोन-दोन आठवडे पाणी मिळायचं नाही, तरी एक पान हलायचं नाही. आणि कुंडीच्या काठावर, आतल्या बाजूला, आईच्या खडूच्या रेघा असायच्या, कापडावर माप आखायच्या त्या चपट्या खडूच्या. एक, दोन, तीन. आपण समजायचो की ती झाडाची उंची मोजते. तू सहा वर्षांची असताना त्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि आईनं तुझ्या गालात मारली होती. आईनं आपल्याला मारल्याचं मला तेवढं एकच आठवतं. तेही पुढे येणार आहे.

आई पडली, मांडीचं हाड मोडलं, मी माझी खोली सोडून इथे आले. दुकान बंद झाल्यापासून गुंडी आईच्या खोलीतल्या खिडकीत आहे; पहिल्याच आठवड्यात मी तिचा काठ पाहिला. एकही रेघ नव्हती. गुंडीकडे कुणी बघतच नाही असं मी मनाशी म्हटलं. आपला मधला भाऊ सकाळी आठला पाणीखात्यात नकाशे काढायला जातो तो संध्याकाळी सातला येतो, त्याला घरातल्या भिंतीचा रंग विचारला तर नकाशा बघून सांगेल. तू दुपारच्या सुट्टीत चष्म्याच्या दुकानातून धावत येतेस, तासभर आईपाशी बसतेस, पळतेस. म्हणजे राहिले कोण? मी. मग मी रीतसर वाचन केलं, तुला माझी पद्धत माहीत आहे. या जातीच्या नेच्याला खत कमीच लागतं. नव्या काड्या फुटत असतील त्या महिन्यांत, महिन्यातून एकदा, तेही बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं. आधी साध्या पाण्यानं माती ओली करायची, कोरड्या मुळांवर खत गेलं तर ती भाजतात. थंडीत अजिबात नाही. मी निळ्या झाकणाची बाटली आणली, एक लिटर पाण्यात अर्धं झाकण, दर पहिल्या रविवारी. आणि कुणाला बोलले नाही. सिस्टरनं एकदा पाहिलं तेव्हा तिला म्हटलं, कुणाला सांगू नका, उगाच मिरवल्यासारखं होतं. हे वाक्य मी माझं समजत होते. बाबांचं होतं.

तीन महिन्यांपूर्वी पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी टोकाच्या काडीची, मग मधल्या. बटणं तपकिरी होऊन टपटप खाली. मातीवर पांढरा पापुद्रा धरला, कुंडीच्या काठालाही. आणि त्याच सुमाराला आई बदलायला लागली. दुपारी दोन वाजता शब्द अडखळायचे. चमचा तोंडापर्यंत नेताना मधेच थांबायचा. शौचाला उठली की भिंत धरायची. हाड तर जुळून आलं होतं, चालायला हवी होती ती, आणि ती झोपत होती. डॉक्टर म्हणाले, "वय आहे." वय! काल नव्हतं आणि आज आलं? मी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. झाड करपतंय, आई विझतेय, दोन्ही एकाच खोलीत, आणि दिवसभर त्या खोलीत असते कोण? सिस्टर. मला वाटलं, आईला काहीतरी देते आणि उरलेलं कुंडीत ओतते. हसू नकोस. मी कुंडीखालच्या बशीवर शिलाईचा दोरा आडवा ठेवून बघितला, कुंडी हलवली तर दोरा सरकेल म्हणून. सरकला. दोनदा सरकला. एक दिवस ती आईला पुसत असताना मी तिची पिशवी उघडली. डबा, हातांना लावायचं मलम, एक जाडजूड रहस्यकथा आणि पाण्यासारखं काहीतरी भरलेली फवाऱ्याची बाटली. मी जिभेला लावून पाहिलं. पाणीच होतं. आईचे ओठ कोरडे पडतात म्हणून ती फवारते. मी पिशवी बंद केली, आणि संशय? तो बंद झाला नाही. पाणी आहे म्हणजे चांगलंच सावध काम आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

झोपेच्या गोळ्या मी मोजत होते, हेही सांगून टाकते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते ना, दुखलं आणि झोप आली नाहीच तर अर्धी, रोज नको. ती पट्टी स्वयंपाकघरातल्या खणात, वाट्यांच्या मागे. जेवढ्या अर्ध्या मी दिल्या तेवढ्याच कमी व्हायच्या, एक जास्त नाही. म्हणून तर मी म्हणत होते की बाहेरून काहीतरी येतंय. रोज नको म्हटलेली गोळी मी रोज देत होते, हे मला त्या मोजण्यात कुठे दिसलंच नाही. आई रात्री कण्हायची, मला ऐकवायचं नाही. अर्धीच तर आहे, एवढं म्हणायचे आणि मोडायचे.

आणि आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची. "रेघ मार." पाणी दिलं की, "रेघ मार." उशी सरळ केली की, "रेघ मार गं." केंद्रातला तो गुळगुळीत बोलणारा माणूस पाहणीला आला तेव्हाही तिनं त्याला तेच सांगितलं. त्यानं मान हलवली आणि कागदावर लिहिलं, जुन्या व्यवसायात अडकलेली, वर्तमानाचं भान कमी. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. मधल्यानं सही केली, तूही केलीस. फक्त माझी राहिली. येत्या शनिवारी अकरा वाजता तो ती घ्यायला येतोय, आणि सही झाली की सोमवारी आईला घेऊन जाणार. मला तुमचा राग आला, मग संशय आला. आणि गेल्या शनिवारी दुपारी तू पुन्हा तो फॉर्म काढलास, आणि मी तुझ्यावर तुटून पडले.

आता ऐक पुढे काय झालं. तू शनिवारी गेलीस ती आलीच नाहीस. आणि सोमवारी दुपारी आई जागी होती. नीट जागी. तिनं विचारलं, "धाकटी कुठाय?" मग म्हणाली, "खिडकीचा पडदा उसवलाय, तो कोण शिवणार?" धाकटे, मला आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते सांगते. मी बोटांवर दिवस मोजले. तू येत नाहीस आणि आई सुधारते. माझ्यासारख्या बाईच्या हातात असला पुरावा देऊ नये. मी ताबडतोब निकाल लावला. पण निकाल सुनावण्याआधी साक्षीदार हवा म्हणून गुंडीला कापडी पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, मातीत काय विष आहे ते सांग.

त्यानं पांढरा पापुद्रा नखानं उचलला, बोटांत चुरला. "विष कसलं, बाई. खताचा क्षार आहे. किती घालता?" मी सांगितलं, महिन्यातून एकदा, निम्म्या ताकदीचं, ओल्या मातीत. "मग घरात आणखी कोण घालतं?" मी म्हटलं, कुणी नाही, आमच्याकडे याच्याकडे बघायलाही कुणाला वेळ नाही. तो हसायला लागला. "हे झाड विसरलं तर जगतं. याला उपाशी ठेवून मारणं एका माणसाला जमायचं नाही. चारून मारायचं म्हटलं तरी एका माणसाचं काम नाही. निदान तिघं लागतात." वर म्हणाला, "घरी जाऊन विचारा. प्रत्येकजण म्हणेल, मी तर थोडंसंच घालतो." त्यानं पापुद्रा खरवडून काढला, कुंडी नळाखाली धरली आणि खालच्या भोकातून पाणी पाच-सात मिनिटं वाहू दिलं. निथळू दिली, पुन्हा धरली. म्हणाला, "आता नवी काडी फुटेपर्यंत खत बंद. नुसतं पाणी, तेही माती सुकल्यावर. आणि घालाल तेव्हा एकानंच घाला."

मंगळवारी सकाळी मी सिस्टरला समोर बसवलं. चौकशी समितीसारखं. कुंडीत काय ओतता, केव्हापासून ओतता, कुणाच्या सांगण्यावरून? तिनं हातातला टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "मोठ्या ताई, मी काही ओतत नाही. ओतताना मी तुम्हाला पाहिलंय. साहेबांना पाहिलंय, ते सकाळी बूट घालायच्या आधी घालतात, त्यांची पुडी कपाटात नकाशांच्या मागे असते. धाकट्या ताईंना पाहिलंय, त्या पर्समधून हिरव्या कांड्या काढून मातीत खोचतात. तिघांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं, कुणाला बोलू नका, मिरवल्यासारखं होतं. शब्दसुद्धा तेच. मला वाटलं ही तुमच्या घराण्याची काही शपथ आहे." मग म्हणाली, "माझी पिशवी तुम्ही उघडलीत तेही मला माहीत आहे. रहस्यकथेतली खूण तुम्ही पंचवीस पानं पुढे ठेवलीत. खुनी कोण ते मला आधीच कळलं." मी तीस वर्षं भल्याभल्यांना निरुत्तर केलंय. मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

संध्याकाळी मधला आला. मी कपाटातून पुडी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो लाजला, पन्नाशीचा माणूस, कानांपर्यंत लाल. "मला वाटलं तू नुसती बोलतेस," म्हणाला. "तुझी भाषणं ऐकून काय पान फुटणार आहे होय? म्हणून मी आपलं चिमूटभर." मी हसले, तोही हसला, आई पडल्यापासून आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो असू. हसता हसताच मी स्वयंपाकघरात गेले, वाट्यांमागची पट्टी काढली, गोळी मोडायला सुरी घेतली. दारातून तो सहज म्हणाला, "असू दे, आज नको देऊस, मी आत्ताच..." आणि थांबला. मी वळून पाहिलं. त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला होता. खिशात दुसरी पट्टी होती. अर्धी संपलेली. धाकटे, त्या क्षणी पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, जड जिभेनं, पण स्पष्ट: "रेघ मार."

मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि मला सगळं आठवलं. ती उंची मोजत नव्हती. खत घातलं की एक रेघ. दुकानात दिवसभर दहा गिऱ्हाइकं, तीन पोरं, नवऱ्याच्या तोंडाला कुलूप. तिला आठवण ठेवायला जागाच नव्हती. म्हणून कपड्यावर जशी खूण करायची तशीच कुंडीवर. बाबा म्हणायचे करा आणि गप्प बसा, आणि ती गप्प बसायची, पण रेघ मारायची. या घरात एवढी एकच बाई होती जी केलेलं काम लपवत नव्हती. आणि गेले तीन महिने ती आपल्या प्रत्येकाला तेच सांगत होती. पाणी दिलंस, रेघ मार. गोळी दिलीस, रेघ मार. म्हणजे दुसऱ्याला दिसेल. आपण तिघांनी त्यावर मान हलवली, आणि एका परक्या माणसानं ते भान हरपल्याचं लक्षण म्हणून कागदावर उतरवलं.

आणि ती थप्पड. त्या रेघा तू पुसल्या नव्हत्यास. मी पुसल्या होत्या. तेरा वर्षांची होते, आईनं मला दुकान झाडायला सांगितलं होतं, मी ओल्या फडक्यानं काठ लख्ख केला आणि कुणाला बोलले नाही, कारण चांगल्या कामाचा बोभाटा करायचा नसतो. आईनं त्या महिन्यात दोनदा खत घातलं, गुंडी करपली, आणि फडकं तुझ्या हातात सापडलं कारण तू त्याची बाहुली करत होतीस. तू रडलीस, मी दारामागे उभी होते. पुढे मी शेकडो माणसांवरचे खोटे आरोप भाषणांतून खोडून काढले. हा एक राहिला. सहा वर्षांच्या मुलीवर एकदा पडलेला आळ मी गेल्या शनिवारी पुन्हा तिच्यावरच टाकला, जरा मोठ्या शब्दांत.

काल सकाळी मी डॉक्टरांना फोन करून माझी अर्धी सांगितली, मधल्याची अर्धी सांगितली. त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले. मग म्हणाले, या वयात एवढ्यानं असंच होणार. पण एकदम बंद करू नका, त्यानंही त्रास होतो. रोज नक्की किती जात होतं ते सगळ्यांचं मिळून सांगा, मग पायरी पायरीनं उतरवू, आणि त्या आकड्याशिवाय केंद्राच्या कागदावर मी आता काही लिहिणार नाही. त्यांनी विचारलं, "आणखी कोणी देत होतं का?" मी म्हटलं, विचारून सांगते. मला ठाऊक नाही, धाकटे. संशय आहे, आणि तो या वेळी चांगल्या घरचा संशय आहे. जी बहीण गुपचूप पर्समधून हिरव्या कांड्या काढून मातीत खोचते, तिच्या पर्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणलेली तिसरी पट्टी असणार. दुपारच्या त्या तासात आई कण्हली असेल आणि तुला सहन झालं नसेल. तू देत नसशील तर माझ्या तोंडावर थुंक. देत असशील तर तू माझ्याहून वाईट काही केलेलं नाहीस, मी रोज रात्री नऊ वाजता तेच करत होते.

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते सिस्टरच्या हाती, कारण या घरात तिघांचंही गुपित जिनं राखलं ती तीच, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला मला तीन महिने लागले. पाकिटात आईचा खडूचा तुकडा ठेवलाय. खिडकीखालच्या डब्यात शेवटचा होता, जपून धर, मोडेल. पत्र फाड, मला शिव्या दे, शनिवारी ये किंवा येऊ नकोस, ते नंतर. आत्ता सिस्टर तुझ्या दारात उभी आहे. पाकिटाच्या मागे मी माझ्या नावाखाली एक रेघ मारलीय, मधल्यानं त्याच्याखाली एक. तू दिवसाला जेवढ्या अर्ध्या गोळ्या देत होतीस तेवढ्या रेघा त्यांच्याखाली मार, एकही नसेल तर शून्य काढ, आणि पाकीट तिच्या हातात परत दे.

तुझीच, दारामागे उभी राहिलेली,
ताई